120 दिवस आणि 24 आठवडे : गर्भपाताचा कायदा, शरीयत आणि खान्देशातली आपली घरं

पाचवा महिना लागलेला असतो. जळगावात किंवा धुळ्यात सोनोग्राफी होते आणि रिपोर्ट देताना डॉक्टर जरा थांबतात. बाळाच्या मणक्याला फट आहे, किंवा हृदयाचे कप्पे नीट तयार झालेले नाहीत. "घरच्यांशी बोलून घ्या," एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळतात. मग घरात चर्चा सुरू होते. सासू म्हणते, अल्लाहची मर्जी, आपण कोण? दीर मोबाईलवर एक बयान ऐकवतो, त्यात चार महिन्यांपर्यंत चालतं असं सांगितलेलं असतं. नणंदेचा नवरा म्हणतो, हा तर गुन्हा आहे, पोलीस केस होते. नवरा जुम्याला इमाम साहेबांना गाठतो. ते म्हणतात, मुफ्ती साहेबांना विचारा. अक्कलकुव्याला नाहीतर मालेगावला फोन जातो. यात आठ-दहा दिवस जातात. आणि जिच्या पोटात ते बाळ आहे, तिला बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं.

या आठ-दहा दिवसांसाठी आम्ही हे लिहीत आहोत. कायदा काय म्हणतो, शरीयत काय म्हणते, आणि या दोघांचं कॅलेंडर कुठे जुळतं, कुठे तुटतं, हे घरात आधी माहीत असेल तर त्या दिवसांत निदान वेळ वाया जात नाही.

गुन्हा आधी आला, सूट नंतर

"गर्भपात गुन्हा आहे" हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते इतकं टिकून आहे. इंग्रजांनी 1860 साली भारतीय दंड संहिता केली. तिच्या कलम 312 नुसार गर्भपात करणारा आणि करून घेणारी बाई, दोघंही गुन्हेगार. अपवाद एकच : बाईचा जीव वाचवण्यासाठी केला असेल तर. आता दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, पण तिच्या कलम 88 मध्ये हेच शब्द जवळजवळ तसेच आहेत.

त्या काळी या कायद्याचा सगळ्यात जास्त मार विधवांवर होता. पुनर्विवाहाला बंदी असलेल्या जातींमधल्या तरुण विधवा, घरातल्याच पुरुषाकडून दिवस गेलेल्या. पोट पाडलं तर तुरुंग, मूल झालं तर समाज जगू देत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याचसाठी. तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल ठेवायचं नसेल तर आम्ही सांभाळू. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत अशाच एका विधवेचा. आपल्यात विधवेच्या निकाहाला बंदी नव्हती, म्हणून हा इतिहास आपला नाही असं आपण समजतो. पण लोकांच्या भीतीने बाईने चोरून काहीतरी करायचं आणि त्यात जीव गमवायचा, हे आपल्या मोहल्ल्यांनाही नवीन नाही.

स्वातंत्र्यानंतर अशा चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरतात, ही गोष्ट सरकारला दिसत होती. 1964 मध्ये केंद्राने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. समितीने 1966 अखेर अहवाल दिला आणि त्यावरून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला, जो 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. 12 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, 12 ते 20 आठवडे दोन डॉक्टरांचं. कारणं ठरवून दिली : बाईच्या जिवाला धोका, तिच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा, बाळात गंभीर व्यंग, बलात्कार, आणि विवाहित जोडप्याचं संततिनियमनाचं साधन फसणं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. या कायद्याने बाईला गर्भपाताचा हक्क दिला नाही. त्याने डॉक्टरला शिक्षेतून सूट दिली. दंड संहितेचा गुन्हा जागेवरच राहिला, त्यात एक दार उघडलं आणि दाराची किल्ली डॉक्टरकडे दिली. पन्नास वर्षांतली बहुतेक भांडणं या किल्लीवरून झाली आहेत.

आपला अविश्वास कुठून आला

कायद्याच्या मागे लोकसंख्येची चिंताही होती, हे कुणी लपवलेलं नाही. त्यानंतर चारच वर्षांत आणीबाणी आली. नसबंदीची सक्ती झाली, दिल्लीच्या तुर्कमान गेटला 1976 च्या एप्रिलमध्ये जे झालं ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या आजही तोंडी आहे. आपल्या राज्यातही बार्शीला 1976 च्या जानेवारीत रस्त्यावरून माणसं उचलून नसबंदी केली गेली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. ते कायदा झालं नाही, एवढंच नशीब. पुढे 2001 पासून राज्यात दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही.

त्यामुळे सरकारी दवाखान्यात "कुटुंब नियोजन" हा शब्द निघाला की आपल्या बायका खुर्ची मागे सरकवतात. त्याला कारण आहे. पण त्याचा एक तोटा असा झाला की गर्भपाताचा कायदाही आपण त्याच गठ्ठ्यात टाकला. सक्ती वेगळी आणि सोय वेगळी. कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती लागते, दुसऱ्या कुणाची नाही. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. अनेक दवाखाने मागतात, ते स्वतःच्या बचावासाठी.

842

दुसरी गल्लत खान्देशात जास्त आहे, आणि तिचं कारण हा आकडा. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे फक्त 842 मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या 880 होत्या. राज्याची सरासरी 894. म्हणजे केळी, कापूस आणि सोन्याच्या बाजारात पुढे असलेला जिल्हा मुलींच्या बाबतीत तळाच्या जिल्ह्यांत गेला.

सोनोग्राफीवरून मुलगी ओळखून ती पाडणं, याविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. मुंबईतल्या स्त्री संघटनांची मोहीम त्यामागे होती. केंद्राचा कायदा 1994 चा. तो कागदावरच राहिला म्हणून सेहत, मासूम या पुण्या-मुंबईच्या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज 2000 साली सुप्रीम कोर्टात गेले, आणि 2003 मध्ये कायदा कडक झाला. 2012 मध्ये परळीचं प्रकरण, 2017 मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण. प्रत्येक वेळी राज्यभर धाडी पडल्या.

हे व्हायलाच हवं होतं. मुलगी झाल्याचं ऐकून ज्याचं तोंड काळं पडतं त्याची कुरआनने सूरह नह्लमध्ये कान उघाडणी केली आहे, आणि जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारलं जाईल की तुझा गुन्हा काय होता, असा इशारा सूरह तक्वीरमध्ये आहे. आपल्या समाजात मुलींचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरं आहे, पण तेही 2001 च्या 950 वरून 2011 मध्ये 943 वर आलं. तेव्हा आपण फार मान ताठ करून फिरू नये.

पण धाडींचा दुसरा परिणाम असा झाला की अधिकारी, औषध दुकानदार आणि लोक यांच्या मनात दोन कायदे एक होऊन गेले. लिंग तपासणं हा गुन्हा आहे, नेहमी आणि प्रत्येकासाठी. गर्भपात, ठरलेल्या कारणांसाठी आणि ठरलेल्या मुदतीत, गुन्हा नाही. लिंग पहिल्या दोन महिन्यांत सोनोग्राफीवर दिसतही नाही, तरी सुरुवातीच्या आठवड्यांत वापरायच्या गर्भपाताच्या गोळ्या राज्यातल्या अनेक मेडिकलवाल्यांनी कटकट नको म्हणून ठेवणंच बंद केलं. मग बाई जाते कुठे? ओळखीच्या कंपाउंडरकडे, नाहीतर जडीबुटीवाल्याकडे. आपल्या मोहल्ल्यातले बीयूएमएस किंवा होमिओपॅथीचे डॉक्टर ताप-खोकल्याला कितीही चांगले असोत, गर्भपात करायला त्यांना कायद्याने परवानगी नाही. त्यासाठी एमबीबीएस आणि त्यावर स्त्रीरोगाचं ठरलेलं प्रशिक्षण लागतं, आणि जागाही मान्यताप्राप्त लागते. सरकारी रुग्णालयं या कामासाठी आधीच मान्य आहेत.

किल्ली कुणाकडे

2008 मध्ये मुंबईच्या निकिता मेहता हायकोर्टात गेल्या. बाळाच्या हृदयात दोष होता, पण तो 20 आठवडे उलटल्यावर कळला. डॉ. निखिल दातार त्यांच्यासोबत याचिकेत होते. कोर्टाने नकार दिला. देशभर चर्चा झाली ती या प्रश्नाची की, तपासणीत दोष कळतो विसाव्या आठवड्यात आणि कायद्याचं दारही विसाव्यालाच बंद होतं, तर त्या दाराचा उपयोग काय?

कायदा बदलायला त्यानंतर तेरा वर्षं लागली. दुरुस्ती 24 सप्टेंबर 2021 पासून लागू आहे. आता 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवडे दोन डॉक्टरांचं मत आणि ठरावीक गट : बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रिया, बाळात व्यंग असेल त्या, आपत्तीत सापडलेल्या, आणि गरोदर असताना विधवा झालेल्या किंवा तलाक झालेल्या. 24 आठवड्यांपुढे फक्त बाळात गंभीर व्यंग असेल तर, आणि तेही सरकारच्या मेडिकल बोर्डाने मान्य केलं तर. बोर्डाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. आणि तिचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने अविवाहित स्त्रीलाही 24 आठवड्यांचा नियम लागू केला, आणि नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कार धरली. वाद मात्र मिटलेला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये दोन मुलांच्या आईने, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराचं कारण देऊन, 26 आठवड्यांना परवानगी मागितली. दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, मोठ्या खंडपीठाने शेवटी नाही म्हटलं. बाळ बाहेर जगू शकेल अशा टप्प्यावर त्याचंही म्हणणं ऐकायला हवं, ही सरकारची बाजू. स्त्रियांच्या संघटना म्हणतात, शरीर तिचं, मग बोर्ड कशाला? अपंग हक्कांसाठी लढणारे तिसराच प्रश्न विचारतात : फक्त व्यंग असलेल्या बाळासाठी मुदत नाही, याचा अर्थ त्याचा जीव कमी मोलाचा का? या प्रश्नाला आमच्याकडे सोपं उत्तर नाही.

जगातही हेच चाललं आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1973 मध्ये दिलेला हक्क जून 2022 मध्ये काढून घेतला. आयर्लंडमध्ये उलट झालं, आणि त्याला कारण ठरली आपल्या शेजारच्या बेळगावची एक डॉक्टर. सविता हलप्पनवार, 17 आठवड्यांची गरोदर. गर्भपात सुरू झालेला, बाळ वाचणार नव्हतं. पण ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टरांनी हात लावला नाही, आणि 28 ऑक्टोबर 2012 ला गॉलवे इथे जंतुसंसर्गाने ती गेली. 2018 मध्ये तिथल्या जनतेने मतदान करून घटना बदलली.

शरीयत : ना सरसकट हराम, ना सरसकट मुभा

आता आपल्या प्रश्नाकडे. कुरआनने सूरह मुमिनूनमध्ये माणसाच्या घडणीचे टप्पे सांगितले आहेत : थेंब, चिकटलेला गोळा, मांसाचा तुकडा, मग हाडं, आणि शेवटी एक वेगळीच निर्मिती. बुखारी आणि मुस्लिममध्ये हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा सारांश असा की पहिले तीन टप्पे चाळीस-चाळीस दिवसांचे, मग फरिश्ता रूह फुंकतो. चाळीस त्रिक एकशेवीस. मुस्लिम शरीफमध्ये बेचाळीस रात्रींची आणखी एक हदीस आहे, त्यामुळे काही उलेमा चाळीस दिवसांची रेघ मानतात.

यावरून मजहबांमध्ये फरक पडला. मालिकी बहुतेक सुरुवातीपासूनच मनाई करतात. हंबली उलेमांपैकी अनेकांनी चाळीस दिवसांपर्यंत मुभा दिली. शाफईंमध्ये मतभेद आहेत. इमाम गजाली हे त्यांच्यातलेच, त्यांचं म्हणणं की गर्भ पाडणं प्रत्येक टप्प्यावर गुन्हाच, आणि टप्पा जितका पुढचा तितका तो मोठा. खान्देशात आपण बहुतेक हनफी. हनफी फिकहमध्ये 120 दिवसांच्या आत, खरा उज्र असेल तर, वाव आहे. उज्र नसताना तो मकरूह, अनेकांच्या मते गुनाहच.

याचं एक उदाहरण आपल्या घरचंच आहे. औरंगजेबाच्या काळात फतावा आलमगिरी तयार झाली, तिचं काम पाहणारे शेख निजाम हे बुऱ्हाणपूरचे, म्हणजे जुन्या खान्देशच्या राजधानीचे. तिच्यात एका दुभत्या आईचा मसला आहे. पुन्हा दिवस गेल्याने तिचं दूध आटलं, मांडीवरचं मूल दगावेल अशी भीती, आणि दूध पाजणारी दाई ठेवायला बापाकडे पैसे नाहीत. तर अवयव घडण्याआधी, 120 दिवसांच्या आत, तिला उपचाराची मुभा. बघा, तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या उलेमांनी गरिबाच्या घरातली अडचण किती नेमकी ओळखली होती. आणि हेही बघा की ही मुभा जन्मलेल्या मुलाचा जीव वाचवण्यासाठी आहे. फक्त गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नका, ही कुरआनची ताकीद जागेवर आहे.

120 दिवसांनंतर सगळे मजहब मनाई करतात. आजच्या काळातले बहुतेक उलेमा एकच अपवाद मानतात : आईचा जीव. व्यंगाबद्दल मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेने फेब्रुवारी 1990 मध्ये ठराव केला. जाणकार डॉक्टरांच्या मंडळाने तपासून सांगितलं की दोष गंभीर आहे, इलाज नाही, आणि आईबाप दोघांची इच्छा असेल, तर 120 दिवसांच्या आत परवानगी. नंतर नाही.

मुस्लिम देशांचे कायदेही एकसारखे नाहीत. ट्युनिशियाने 1973 पासून पहिल्या तीन महिन्यांत मोकळीक दिली, तुर्कस्तानने 1983 मध्ये दहा आठवडे. पाकिस्तानच्या 1990 च्या कायद्यात अवयव घडण्याआधी "आवश्यक उपचार" म्हणून मुभा आहे. इराणने 2005 मध्ये चार महिन्यांच्या आत व्यंग किंवा आईचा आजार असेल तर सूट दिली.

दिवस कसे मोजायचे

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, आणि हीच कुणी सांगत नाही. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. 120 दिवस मोजायचे ते गर्भ राहिल्यापासून. मध्ये साधारण 14 दिवसांचं अंतर. म्हणजे गर्भाचे 120 दिवस पूर्ण होतात तेव्हा सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 19 आठवडे आणि 1 दिवस लिहिलेलं असतं. जुन्या कायद्याची 20 आठवड्यांची रेघ आणि 120 दिवसांची रेघ यांत जेमतेम सहा दिवसांचा फरक होता! आता कायदा 24 आठवड्यांवर गेला, शरीयतची रेघ अर्थातच तिथेच आहे. मुफ्ती साहेबांना फोन करताना "पाच महिने झाले" असं मोघम सांगू नका. रिपोर्टवरचे आठवडे, शेवटच्या पाळीची तारीख आणि डॉक्टरने दोषाचं लिहिलेलं नाव, तिन्ही सांगा. आणि फोन तिच्यासमोर करा, जमलं तर तिलाच बोलू द्या.

अडचण अशी की व्यंग बघायची मोठी सोनोग्राफी होते 18 ते 20 आठवड्यांत. विसाव्या आठवड्यात करायला गेलात तर 120 दिवस संपलेलेच असतात. अठराव्यात केली तर आठवडाभर हातात राहतो. 11 ते 13 आठवड्यांची पहिली सोनोग्राफी तर आपल्याकडे "एवढ्या लवकर कशाला" म्हणून सर्रास टाळली जाते. यावल, रावेर, शिरपूरहून जळगाव-धुळ्याला यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हाला कळतं. पण उशीर झाला की खर्च वाढतोच. 24 आठवड्यांपुढे बोर्डाने नाही म्हटलं, तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी हायकोर्ट म्हणजे औरंगाबाद खंडपीठ. तिथे वकील, तारखा, आणि पोटातले दिवस थांबत नाहीत. जून 2023 मध्ये याच खंडपीठाने पंधरा वर्षांच्या एका मुलीला 28 आठवड्यांना परवानगी नाकारली, कारण तोवर बाळ जिवंत जन्मेल अशी स्थिती आली होती.

तलाक झालेल्या मुलींबद्दलही दोन शब्द. गरोदर बाईची इद्दत बाळंतपणापर्यंत चालते, आणि तोवर तिचा खर्च नवऱ्यावर आहे, हे सूरह तलाकमध्ये स्पष्ट आहे. तरी "पोट खाली करून टाक, इद्दत संपेल, दुसरं स्थळ बघू," असा दबाव माहेरचेच आणतात. कायद्याने तलाक हे 24 आठवड्यांपर्यंतचं कारण धरलं आहे, पण ते तिने मागितलं तर. तिच्या बापाने किंवा भावाने मागून चालत नाही.

आणि थॅलेसेमिया. चुलत-मावस नात्यात निकाह आपल्याकडे चालतात. अशा घरांत आईबाप दोघंही वाहक निघण्याची शक्यता जास्त असते, आणि त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की मूल थॅलेसेमिया मेजर होईल, जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागेल. सातपुड्याच्या पट्ट्यात तडवी भावांमध्ये सिकलसेलचंही असंच आहे. पोटातल्या बाळाची तपासणी 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान वारेचा नमुना घेऊन होते, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी. ती वेळेवर झाली तर निर्णयाचा प्रश्न 120 दिवसांच्या बराच आधी समोर येतो. त्याहून सोपं म्हणजे निकाहाआधी मुला-मुलीच्या रक्ताची एचबीए-टू तपासणी. दोघांपैकी एक जण जरी वाहक नसेल, तर मूल थॅलेसेमिया मेजर होत नाही.